दुसरा घाणा

"हे देवाला दाखवलंय का हो?"

ताटली हातात घ्यायच्या आधी समोरच्या बाई एवढंच विचारायच्या. उजव्या हाताचा तळवा ताटलीच्या कडेला हलकेच टेकवायच्या, म्हणजे ताटली पुढेही सरकणार नाही आणि मागेही जाणार नाही. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? आपल्याकडे घरोघरी हा प्रश्न विचारतातच. पण आपण विचारतो ते खायच्या घाईने. दाखवलं असेल तर खातो. बाईंचं उलटं होतं. दाखवलं असेल तर त्या खायच्या नाहीत.

आम्ही तेव्हा खडकीला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एक आमचं आणि एक बाईंचं. बाई मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. नवरा मिलिटरीत ड्रायव्हर होता, तो लग्नानंतर चार वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. त्यांचं नाव आम्हाला माहीत होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, आणि आता ते लिहायलाही हात धजत नाही. अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्या 'समोरच्या बाई'च होत्या, मग हाक मारणारा समोर राहो की तळमजल्यावर.

कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या. दिवसभर मापाचं गेज हातात धरून एकेक सुटा भाग तपासायचा. बसला तर पास, नाही बसला तर परत. माझे वडीलही त्याच कारखान्यात होते, ते सांगायचे, साहेब येऊन डोक्यावर उभा राहिला तरी बाई नको तो भाग पास करायच्या नाहीत. "मापात बसलं तर बसलं," एवढं म्हणायच्या आणि पुढचा भाग उचलायच्या. हे वाक्य मग त्या घरीही आणायच्या. भाजीवाल्याचे टोमॅटो, खालच्या मजल्यावरचा नवा जावई, सगळ्यांना तेच गेज. एका रविवारी चर्चहून आल्या आणि जिन्यातच म्हणाल्या, "आज पाद्रीसाहेबांचं प्रवचन मापात नाही बसलं. दोन सूत जास्त झालं."

त्या राहायला आल्या त्या वर्षी गणेश चतुर्थीला आई मोदकांची ताटली घेऊन त्यांच्या दारात गेली. तेव्हा तो प्रश्न आम्ही पहिल्यांदा ऐकला. आईने कौतुकाने सांगितलं, "हो तर, आत्ताच नैवेद्य झाला."

"मग वहिनी, राग मानू नका, मला नाही चालायचं," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरचं चालत नाही असं नाही हं. चहा टाका, आत्ता येऊन दोन कप पिते."

आणि खरंच आल्या, दोन कप प्यायल्या. आईने चहा दिला पण तोंड एवढंसं झालं होतं. त्या गेल्यावर वडील म्हणाले, "म्हणजे आपला देव काही यांच्या मापात बसत नाही."

पुढच्या वर्षी आईने शहाणपणा केला. नैवेद्य दाखवायच्या आधीच पाच मोदक डब्यात काढून ठेवले, बाईंसाठी. देवाला न दाखवलेले, त्यामुळे त्यांनाही चालतील, प्रश्न मिटला. नेमकी त्या दिवशी सदाशिव पेठेतून माझी आत्या आली होती. तिने डबा बघितला.

"हे काय गं?"

आईने सांगितलं. आत्या मटकन पाटावर बसली. "देवाच्या आधी माणसाचं काढलंस? मग आता देवापुढे काय ठेवणार, उरलेलं?"

झालं. सगळे मोदक बाद. उकड पुन्हा काढली, नारळ पुन्हा खवला, एकवीस मोदक पुन्हा वळले. दोन वाजून गेले, वडील सोवळं नेसून उपाशी फेऱ्या मारतायत. शेवटी आरती झाली, आणि भुकेने माणसाची बुद्धी चालते म्हणतात तशी त्यांची चालली. म्हणाले, "देवाचं झालं ना? आता परत उकड काढ. नवं सारण कर. या घाण्याचा देवाशी संबंध नाही. तो बाईंना दे."

आत्याने बराच वेळ विचार केला. याच्या विरुद्ध काही शास्त्र तिला सापडलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी चतुर्थीला दोन घाणे व्हायला लागले. पहिला देवाचा, दुसरा समोरच्या बाईंचा. आणि खरं सांगू का, दुसराच चांगला व्हायचा. पहिल्या वेळी आई सोवळ्यात, धास्तावलेली, कळी फुटेल का याची चिंता. दुसऱ्या वेळी कसं, निवांत. हळूहळू वडीलही प्रसादाचा एक खाऊन दुसऱ्याची वाट बघत बसायला लागले.

नाताळात बाईंकडून फेड व्हायची. करंज्या, शंकरपाळे आमच्यासारखेच, पण केकची पंचाईत, कारण आई अंडं खात नव्हती. बाईंनी बिनअंड्याचा केक करायचं मनावर घेतलं. कुकरमध्ये वाळू घालून स्टोव्हवर केलेला तो पहिला केक सुरीला दाद देईना. वडिलांनी विचारलं, "अहो बाई, हा तपासणीतून पास झाला कसा?"

"नाही झाला भाऊ," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "पण आज नाताळ आहे, दुसरा करायला वेळ नव्हता." तो केक आम्ही चहात बुडवून संक्रांतीपर्यंत पुरवला.

क्वार्टर्सच्या गणेश मंडळाची मुलं वर्गणीला आली की बाई सरळ सांगायच्या, "मूर्तीला नाही देणार. पण मांडवात पाणी ठेवता का? पिंप माझं." आणि दहा दिवस त्यांच्या घरचं तोटीचं पिंप मांडवाच्या कोपऱ्यात उभं असायचं, रोज सकाळी भरलेलं. एका वर्षी मुलांनी त्यावर 'मंडळास सप्रेम भेट' असं रंगवलं. बाईंनी ओल्या फडक्याने ते पुसायला लावलं. "मंडळाला नाही रे, तहानलेल्याला," म्हणाल्या. मुलांनी निमूट पुसलं, कारण विसर्जनाला पायात काच गेली की मलमपट्टीला त्यांच्याकडेच जायचं असायचं.

वडिलांनी एकदा चहा पिताना त्यांना अडवलंच. "खरं सांगा बाई, आमचे देव तुम्हाला खोटे वाटतात?"

आईने कप ठेवला. मला वाटलं, आता संपलं.

"विचारलंत म्हणून सांगते भाऊ. मला ते देव वाटत नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही माणसं मात्र चांगली वाटता. रोज प्रार्थना करते तुमच्यासाठी."

"मग बढतीचं बघा जरा," वडील म्हणाले. चिडतील असं वाटलं होतं, पण उलट पुढे कित्येक दिवस ते ज्याला त्याला हे सांगत हिंडले. तोंडावर खरं सांगणारं माणूस त्यांना आवडायचं. खरं आपल्याबद्दल नसलं म्हणजे सगळ्यांनाच ते आवडतं. आमच्यावर पाळी यायची होती.

लहानपणी मला गालगुंड झालं होतं, त्यात डावा कान गेला. पूर्ण गेला. तुम्ही त्या बाजूला उभं राहून ताशा वाजवलात तरी मला पत्ता लागायचा नाही. त्याने माझं काही अडलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी लागली तीही बिलांच्या टेबलावर, तिथे ऐकायचं काही नव्हतं, लिहायचं होतं. अडलं ते लग्नाचं. दोन स्थळं कानावरून परत गेली. मी एकोणतीस वर्षांची झाले, आणि आईची झोप उडाली.

मग तिसरं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, पत्रिकाही जुळली. मध्यस्थाने बजावलं, "कानाचं आत्ता काढू नका. लग्न झाल्यावर कळलं तर कळलं." शंभर खोटी बोलावीत पण एक लग्न जमवावं, असं आपल्याकडे म्हणतातच. आईने सगळी आखणी केली. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, डावा कान भिंतीकडे. त्याप्रमाणे पाहण्याचा कार्यक्रम झाला, मंडळी खूश होऊन गेली. राहिली ती शेजारीपाजारी चौकशी. येत्या रविवारी मुलाचे काका त्यासाठी येणार, असं मध्यस्थाकडून कळलं. आईने खालपासून वरपर्यंत एकेका दारात जाऊन सांगून ठेवलं. कुणीही आढेवेढे घेतले नाहीत. खालच्या काकू तर म्हणाल्या, "कान? कुठला कान? मला काही माहीतच नाही."

शेवटी आम्ही दोघी समोर गेलो. आई म्हणाली, "बाई, कुणी विचारलंच तर काही नाही म्हणा. एवढंच."

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मला नाही जमायचं, वहिनी."

"आपलं लेकरू आहे हो ते. तुमच्या देवाला एवढं एक खोटं चालणार नाही?"

"देवाचं नंतर बघू. ती आयुष्यभर भिंतीकडे कान करूनच बसणार आहे का?"

आईने डोळ्यांना पदर लावला. बाईंनाच मग तिची दया आली. "असं करते," त्या म्हणाल्या, "रविवारी मी मांजरी गावाला भावाकडे जाते. सकाळीच जाते. मी नसलेच तर कोण विचारतंय मला?"

तडजोड ठरली. पण चौकशीला येणारी माणसं सांगितल्या दिवशी कुठे येतात? काका गुरुवारी संध्याकाळीच आले. खालच्या सगळ्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, मुलगी सोन्यासारखी. बाई भाजीची पिशवी घेऊन कारखान्यातून परत येत होत्या, जिन्यात त्यांची आणि काकांची गाठ पडली. बाई म्हणाल्या, "मला उशीर होतोय." काका म्हणाले, "एकच विचारतो. मुलीत काही व्यंग वगैरे?"

"मुलगी चांगली आहे. मनाने स्वच्छ आहे, कामाला वाघ आहे," बाईंनी सांगितलं. "डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याने जरुरीपेक्षा जास्त येतं."

आणि भाजीची पिशवी तशीच घेऊन त्या आमच्या दारात आल्या. "वहिनी, ते येऊन गेले. त्यांनी विचारलं. मी सांगितलं." आईने दार लावून घेतलं.

चार दिवसांनी कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. वडील म्हणाले, "महिन्यापूर्वी जुळत होती. ग्रह हलले वाटतं."

मी मात्र बाईंच्या घरी जाऊन भांडले. वाट्टेल ते बोलले. "तुम्हाला काय हो, तुमचं झालं होतं लग्न," असंही बोलले. आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "रडायचं तर रड. मीही काल रडले. पण उद्या कुणी परत विचारलं, तर परत तेच सांगीन मी."

त्या वर्षी चतुर्थीला एकच घाणा झाला. वडील स्वयंपाकघराच्या दारात दोनदा येऊन गेले. "दुसरा कधी लावणार?"

"नाही लावणार," आई म्हणाली. वडिलांनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं आणि जाऊन पेपर उघडला. समोरचं पिंप मात्र मांडवात होतंच, भरलेलं.

मग नाताळ आला. सकाळी आमच्या कडीला पिशवी लटकवलेली दिसली, आत डबा. आईने तो एक दिवस टेबलावर तसाच ठेवला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. दुसऱ्या दिवशी न राहवून उघडला. बिनअंड्याचा केक. आईने तुकडा तोंडात टाकला, जरा थांबली, म्हणाली, "या खेपेला हलका झालाय." आता आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत देत नाहीत. आईने ताजा चिवडा केला, डबा भरला आणि स्वतः समोर नेऊन दिला. दोघी दारात उभ्या राहून चिवड्यात खोबरं किती घालावं यावर बोलल्या. स्थळाचा विषय कुणी काढला नाही. पुढेही कधी काढला नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, बाईंना गप्प बसता आलं असतं. मला स्वतःला विचाराल, तर मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

पण एक झालं. पुढचं स्थळ बघायला आलं तेव्हा मी चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. काही विचारायचं असेल तर या बाजूला बसा." आईचा चेहरा पांढरा पडला. मुलगा उठला, खुर्ची उचलली, माझ्या उजवीकडे आणून ठेवली आणि बसला.

"आता येतंय ऐकू?"

"येतंय."

"चहात साखर नाहीये," तो म्हणाला. त्यालाच मी केलं.

लग्नाला बाई आल्या, मोतिया रंगाच्या साडीत. अक्षता त्यांनी घेतल्या नाहीत, पण मंगलाष्टकं संपेपर्यंत मांडवात उभ्या राहिल्या. मग भेटायला आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला, वाकल्या आणि माझ्या डाव्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलल्या. डाव्या, बरं का. अख्ख्या पुण्याला जो कान बहिरा आहे हे त्यांच्यामुळे कळलं, तो. मला अर्थात एक अक्षर कळलं नाही. मी उजवा कान पुढे केला, "काय म्हणालात?"

"तुला नाही काही म्हणाले," बाई हसल्या. "ज्याला म्हणाले त्याने ऐकलं."

मी बिबवेवाडीला संसाराला लागले. आई-वडील गेले. बाई रिटायर होऊन मांजरीला भावाच्या घरी राहायला गेल्या, तिथे त्यांचा भाचा त्यांचं करायचा. मी दरवर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मांजरीला जायचे. दुसऱ्या घाण्याचा. प्रश्न मात्र चुकला नाही. तळवा डब्याला टेकायचा, "देवाला दाखवलंय का?" मी "नाही" म्हणायचे आणि त्या झाकण उघडायच्या.

एका वर्षी ऐन चतुर्थीलाच दुपारी भाच्याचा फोन आला. "आत्या फार थकलीय. काल डॉक्टर येऊन गेले. सारखं तुमचं नाव काढतेय. मोदक आणणार का विचारतेय." आमचा नैवेद्य नुकताच झाला होता. दुसरी उकड काढायची राहिली होती. तेवढा वेळ कुणाला होता? मी प्रसादाचेच सात मोदक डब्यात भरले आणि रिक्षात बसले.

वाटेत मनाशी ठरवून टाकलं, सांगायचं नाही. डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी ऐकू येत नाही, दोन घास गोड खाऊ देत. मोदकावर काय लिहिलेलं असतं? आई असती तर म्हणाली असती, एवढं एक खोटं कुठल्याही देवाला चालेल.

बाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या. डबा बघून चेहरा उजळला. मी झाकण उघडून डबा पुढे केला. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले. मग हात उचलला. तळवा डब्याच्या कडेला टेकला.

"देवाला दाखवलंय का गं?"

नुसती मान हलवायची होती. उजवीकडून डावीकडे, एकदा. मला जमेना. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने सांगितलं, "दाखवलंय, बाई. आज दुसरा घाणा नाही झाला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डबा हलकेच माझ्याकडे सरकवला. आणि मग त्यांच्या सगळ्या सुरकुत्या हसल्या.

"बसलीस हो मापात," म्हणाल्या.

मी तिथेच रडायला लागले. त्या माझा हात थोपटत राहिल्या. भाचा बाजूला उभा होता, तो म्हणाला, "मला चालतं," आणि उभ्या उभ्या चार मोदक संपवले. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तो त्याचं बघून घेईल," म्हणाल्या.

निघताना मी कबूल केलं, परवा येते, दुसऱ्या घाण्याचे घेऊन. दुसऱ्या दिवशी नारळ आणला, पिठी आणली. त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. नारळ फोडलाच नव्हता.

माझ्या घरी चतुर्थीला अजून दोन घाणे होतात. सून विचारते, एवढे कोण खाणार. दुसऱ्या घाण्यातला पहिला मोदक मी ताटलीत काढते आणि जरा वेळ तशीच हातात धरून उभी राहते. कुणी काही विचारत नाही. मग मीच सांगते, "नाही दाखवलेला." आणि तो मीच खाते.